निरंक तालुक्यातल्या भुलाबाईच्या पोरी

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं कशी असतात ते मला ठाऊक आहे. शाल, चष्मा, पेन्शन आणि मागे वळून पाहताना डोळ्यांत आलेलं पाणी. माझ्याजवळ यातलं काही नाही. तिशी अजून यायची आहे, पगार म्हणावा असा कधी मिळाला नाही आणि मागे वळून पाहायला सवड नाही. तरी संपादक म्हणाले, "लिहा, तुमचं काम लोकांना माहीतच नाही." हे मात्र खरं. म्हणून लिहिते. एकच अट घातली आहे: माझ्या नावाखाली 'सामाजिक कार्यकर्ती' असलं गुळगुळीत काही छापायचं नाही. मी विकलेल्या मुली मोजते. वाचून फराळावरची वासना उडाली असेल तर पान उलटा, पुढे पाककृती असतील.

मोजते म्हणजे काय करते, ते आधी सांगते. म्हशी मोजता येतात, संत्र्याची झाडं मोजता येतात, जनगणनेवाले माणसं मोजतात. हे सगळं जागच्या जागी उभं असतं. मला जे मोजायचं असतं ते लपवलेलं असतं. विकणारा सांगत नाही, घेणारा सांगत नाही, घरचे लाजेनं सांगत नाहीत, आणि जिला विकलं ती सांगायला इथे नसते. मग मोजायचं कसं? याच्याइतका झोप उडवणारा प्रश्न मला अजून दुसरा भेटलेला नाही. लोकांना सिनेमात जे मिळतं ते मला या प्रश्नात मिळतं. त्यात बेरीज-वजाबाकी आहे म्हणून नाक मुरडू नका.

आमची समिती म्हणजे नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका घराच्या गच्चीवरची खोली, एक सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि नानाजी. नानाजी आमचे सचिव. उभं आयुष्य मोर्चात गेलेलं, आवाज असा की लाउडस्पीकरवाल्याचं भाडं वाचावं. मी विणकराच्या घरातली. बाबांचा हातमाग बंद पडला, मी कॉलेजातून सुटले आणि नानाजींकडे पत्रकं लिहायला लागले. पत्रक कसं लिहायचं ते त्यांनीच शिकवलं: पहिल्या ओळीत आग, दुसऱ्या ओळीत आकडा, शेवटच्या ओळीत सभेची जागा. आग माझ्याजवळ भरपूर होती. आकडा मागच्या पत्रकातून घ्यायचा. मागच्या पत्रकानं तो कुठून घेतला? त्याच्या मागच्या पत्रकातून. दर वेळी तो थोडा फुगायचा, उन्हाळ्यात सायकलच्या ट्यूबमधली हवा फुगते तसा.

अशा त्या खोलीत एक दिवस गिरिजाबाई जिना चढून आली.

गिरिजाबाई उमरेडकडच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या गावात मुली परत आल्यात त्या गावाचं नाव छापून कुणाचं भलं होणार आहे? नवरा मागावर, ही सुताच्या कांड्या भरणारी. थोरली मुलगी वच्छला. एक मध्यस्थ आला. उत्तरेकडचा मुलगा आहे म्हणाला, शेती आहे, हुंडा नको, लग्नाचा खर्चही आम्हीच करू. नागपुरात एका देवळात सकाळी लग्न लागलं आणि दुपारच्या गाडीनं वच्छला गेली. गेली ती गेली. पत्र नाही, निरोप नाही. पहिल्या सणाला आली नाही. दिलेल्या पत्त्यावर कार्ड टाकलं ते परत आलं. मध्यस्थाचं घर नव्हतंच, भाड्याची खोली होती, आणि तीही सोडलेली.

मग ही बाई ठाण्यात गेली. ठाणेदार तिला म्हणाला, "बाई, लग्न तुम्हीच लावून दिलं ना? मग रपट कशाची लिहू? आपल्या तालुक्यात हा गुन्हाच नाही. वरून विचारणा झाली होती, निरंक गेलं आहे."

सरकारी कचेरीत ज्यांचा पाय पडला नाही त्यांच्यासाठी सांगते: वरून कागद येतो, तुमच्याकडे अमुक प्रकार किती? खालून उत्तर जातं, निरंक. म्हणजे शून्य. एकदा निरंक गेलं की पुढे जो कुणी तक्रार लिहून घेईल तो स्वतःच्याच कचेरीला खोटं पाडेल. तेव्हा लिहूनच घ्यायची नाही. आणि तक्रार नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा निरंक. हा शून्याचा चरखा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि माझं डोकं असं तापलं की नानाजींनी न विचारताच माठातलं पाणी पुढे केलं.

"तुमी कागदं छापता म्हणे," गिरिजाबाई म्हणाली. "मंग ते निरंक का काय हाय, ते खोडून द्या ना मले. ते खोडल्याबिगर तो ठाणेदार शिपाई देत नाही. अन् शिपायाबिगर मी त्या मुलखात एकटी कोठी जाऊ?"

एवढंच तिचं मागणं. एक शब्द खोडायचा, एक शिपाई मिळवायचा आणि पोरगी आणायची.

योगायोगानं तेव्हाच सरकारची एक चौकशी समिती विदर्भात यायची होती. तिच्यातले एक अधिकारी आधी येऊन भेटून गेले. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. नानाजींनी त्यांच्यापुढे पत्रकांचा गठ्ठा ठेवला. साहेबांनी पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, मग विचारलं, "इथे हजारो मुली लिहिलं आहे. हे कुठून आलं?"

नानाजी छातीवर हात ठेवून म्हणाले, "जनतेच्या अंतःकरणातून!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. जाताना म्हणाले, "सुनावणी कोजागिरीनंतर आहे. आकडा आणा. आणि तो कसा काढला तेही आणा. नाहीतर माझ्याजवळ जे आलेलं आहे तेच जाईल." आलेलं म्हणजे निरंक.

आम्ही लागलो कामाला. पहिल्यांदा जे केलं ते ऐका. जीपला बॅनर बांधला. गावाच्या वेशीपासून घोषणा: मुली विकणाऱ्यांचा धिक्कार असो! सगळं गाव दारात. मग तेच आम्ही, त्याच घामानं डबडबलेल्या तोंडांनी, घरोघर जाऊन विचारायला लागलो, "तुमच्या घरची मुलगी विकली गेली आहे का?" एका बाईनं हातातला झाडू खाली न ठेवता मला विचारलं, "तुह्या मायनं तुले कितीत विकली वं?" पुढच्या घरी कुत्रं सोडलं. संध्याकाळी गच्चीवर बसून आम्ही आमचे छापील नमुने चाळले. एकही घर हो म्हणालं नव्हतं. म्हणजे आमचंही उत्तर काय? निरंक! ठाणेदार बसल्या जागी जे लिहितो तेच आम्ही डिझेल जाळून लिहून आणलं.

तेव्हा मला धकाते सर आठवले. ते आमच्या नात्यातले, संख्याशास्त्र शिकवायचे, आणि त्याआधी बरीच वर्षं तलावांतले मासे मोजण्याचं काम केलेलं. मासे! पाणी न उपसता! मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते चिंच फोडत बसले होते. मी चिडूनच बोलत होते: हा चोरांचा तालुका, हे मुकं गाव, हे बेशरम सरकार.

"झालं?" सर म्हणाले. "आता बस अन् चिंचोके वेच."

पोतंभर चिंचोके आहेत, किती ते ठाऊक नाही, असं समज, ते म्हणाले. सगळे मोजायचे नाहीत. एक वाटी भरून काढ. त्यांना तांबडा रंग लाव. परत पोत्यात टाक, हलव. आता डोळे मिटून दुसरी वाटी काढ. या दुसऱ्या वाटीत निम्मे तांबडे निघाले, तर पहिल्या वाटीत पोत्यातले निम्मे आले होते असं धर. म्हणजे पोतं लहान. पण दुसऱ्या वाटीत एखाददुसराच तांबडा निघाला तर?

"तर पोतं खूप मोठं आहे," मी म्हणाले, आणि माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. जे दिसत नाही ते, दिसलेल्यांच्या गाठी पडतात की नाही यावरून मोजायचं! हे मला शाळेत कुणी का नाही सांगितलं?

"मुलींना रंग लावता येत नाही," सर म्हणाले. "तिथे नावच रंग. दोन याद्या कर. एकमेकींशी न बोललेल्या, दोन वेगळ्या टोकांनी केलेल्या. मग दोन्हींत असलेली नावं किती ते बघ. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. दोन्ही वाट्या पोत्याच्या एकाच कोपऱ्यातून भरायच्या नाहीत. अन् रंग धुपला नाही पाहिजे."

पहिली गोष्ट मी ध्यानात ठेवली. दुसरीवर पुढे आम्ही सगळेच आपटलो.

पहिलं टोक म्हणजे माहेर. पण माहेरात विचारायचं काय? घरात विचारलं तर 'लग्न झालं, सासरी आहे' हे उत्तर, आणि ते खोटंही नाही. त्या दिवशी बसमधून परत येताना एका गावात पोरी भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती डोक्यावर धरून नेताना दिसल्या आणि मी सीटवरून उठलेच. कंडक्टर म्हणाला, "बाई, स्टॉप नाही इथं." स्टॉप कुणाला हवा होता!

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. ती लेक, महिन्याभरासाठी माहेरी आलेली. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी घराघरात जाऊन फेर धरतात, टिपऱ्या खेळतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची पोरगी खाऊचा झाकलेला डबा आणते. तो खाऊ, म्हणजे खिरापत, ओळखायची. डबा हलवून, वास घेऊन, घरच्या पोरीचं तोंड बघून. वर्षानुवर्षं त्याच पोरी, तोच फेर. घराची शिधापत्रिका लग्न झालेल्या मुलीला विसरते. फेर विसरत नाही. आपल्या उजव्या हाताला कोण होती आणि डाव्या हाताला कोण, हे आमच्या बायांना म्हातारपणी सुद्धा सांगता येतं. मी स्वतः तो फेर धरलेला. मला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण आम्ही जीपला बॅनर बांधण्यात गुंतलो होतो.

दुसऱ्या दिवशी बॅनर नाही, जीप नाही. एस.टी.नं गेले, आणि गिरिजाबाईनं मला वच्छलाच्या मैत्रिणीकडे नेलं. शेवंता तिचं नाव. त्याच गावात दिलेली, कडेवर एक पोर, जीभ अशी की कैचीनं लाजावं.

"शेवंता, तुमच्या भुलाबाईत कोण कोण होतं वं?"

"काहून? पुन्हा नाचवता का आमाले?"

"नाचून दाखव. मी बी नाचतो तुह्यासंगं." घरात आलं की माझी भाषाही घरची होते.

ती हसली, पोर गिरिजाबाईकडे दिलं आणि अंगणात उभी राहिली. डावा हात पुढे करून, जणू टिपरी धरलेली आहे. "हे मी. इकडं कुसुम, ते नेहमी मागं राहे. ते दिली भिवापूरले, दोन लेकरं हायेत, मागच्या पंचमीले आली होती. तिच्याबाजूनं इंदी. इंदीचं नाव काढू नका, माहे पाच आणे हायेत तिच्याकडं." मग उजव्या हाताकडे वळली. "अन् इकडं वच्छी. तिले तं आमी डब्याजवळ येऊच नाही देत होतो. कानाशी धरून एकडाव हलवला का सांगे, मुरमुऱ्याचा लाडू हाय, अन् एक फुटेल हाय. कधीच नाही चुकली बाप्पा."

"वच्छी कोठी दिली?"

"वरतं." शेवंतानं उत्तरेकडे हात हलवला. "वरतं म्हणजे कोठी ते देवाले ठाऊक. एकडाव बी माहेरी आली नाही."

गिरिजाबाई पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

आणि तिथे, त्या अंगणात, मला माझा प्रश्न सापडला. 'विकली का' विचारायचंच नाही! विचारायचं, ती माहेरी आली का? पहिलं बाळंतपण कुठे झालं? तिचं सासर इथल्या कुणी एका तरी माणसानं डोळ्यांनी पाहिलं आहे का? या प्रश्नांना कुणी लाजत नाही, कुणी कुत्रं सोडत नाही. उलट बाया शेजारच्या अंगणातून ओरडून उत्तरं देतात. ज्या लेकीचं सासर माहेरच्या एकाही माणसानं पाहिलं नाही आणि जी एकदाही माहेरी आली नाही, ती आमच्या यादीत. मेलेल्या, भांडून गेलेल्या, मनानं लग्न केलेल्या वेगळ्या काढायच्या. धकाते सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठून माझ्या पाठीवर थाप मारते झाले. "याला म्हणतात व्याख्या! तू आग लिहीत जाऊ नको, हे लिहीत जा."

गावामागून गाव, फेरामागून फेर. मी आणि आमच्या चार पोरी. भुलाबाईचे दिवस होते, अंगणात बाया जमलेल्याच असायच्या. असं वाटायचं की सगळा तालुका एक मोठा फेर आहे आणि त्यात जागोजाग कुणीतरी हात सोडून गेलेलं आहे.

दुसरं टोक म्हणजे तिकडून परत आलेल्या बाया. त्या गावात राहत नाहीत, गाव राहू देत नाही. आमच्या दुसऱ्या तुकडीला त्या अमरावती रोडवर वाडीत सापडल्या. तिथे ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, आणि कुणी कुणाला विचारत नाही. कौसल्या त्यातली एक. गोदामात फाटका बारदाना शिवते. एका ट्रकवाल्याला तिची दया आली म्हणून ती तिथून निघाली, असं ती सांगते. दया कसली ते मी विचारलं नाही.

कौसल्या आणि तिच्यासारख्या दोघीतिघींनी तिकडे भेटलेल्या आपल्या मुलखातल्या बाया सांगितल्या. अमुक गावात सरोज, तमुक गावात रेखा, विहिरीपलीकडच्या घरात मीना. गावांची नावं, पोस्टाची नावं सगळं. या बायांना आमच्या भुलाबाईबद्दल काही माहीत नाही, गावातल्या बायांना यांच्याबद्दल काही माहीत नाही. दोन वाट्या, दोन कोपरे. अगदी सरांनी सांगितलं तसं.

मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गच्चीवर आम्ही सगळे वाकून बसलो होतो. एक नाव जुळेना! दुसरं जुळेना! शेवटपर्यंत गेलो, जवळजवळ काहीच जुळलं नाही. म्हणजे दुसऱ्या वाटीत तांबडा चिंचोका जवळजवळ नाहीच. म्हणजे पोतं किती मोठं? सरांनी पेन्सिलनं हिशेब केला आणि जो आकडा आला तो नानाजींच्या सगळ्या पत्रकांच्या वर होता.

नानाजी उठून नाचले. खरंच नाचले. "मी काय म्हणत होतो? जनतेचं अंतःकरण! छापा! मोठ्या टायपात छापा!" मी स्टेन्सिल यंत्रावर चढवायला घेतली सुद्धा. माझं रक्त उसळलं होतं. असा आकडा तोंडावर फेकला की निरंक कुठल्या कुठे उडेल!

सर मात्र पेन्सिल दातात धरून बसले होते. "कुंदा," ते म्हणाले, "रंग तर नाही धुपला?"

"म्हणजे?"

"वच्छला पहिल्या यादीत आहे. दुसऱ्या यादीत सगळ्या सरोज अन् रेखा अन् मीना. आपल्या विणकरांच्या घरी पोरीचं नाव मीना कोण ठेवते बाप्पा?"

मी स्टेन्सिल खाली ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मोठ्या ताईचं लग्न उभं राहिलं. ताटात पसरलेले तांदूळ आणि त्यांत अंगठीनं नवऱ्यानं लिहिलेलं तिचं नवं नाव. लग्नात आम्ही मुलीचं नाव बदलतो! आम्ही सगळे त्याच घरांतले, सगळ्यांनी ते तांदूळ पाहिलेले, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की माहेरची यादी माहेरच्या नावांची आहे आणि सासरची यादी सासरच्या नावांची. न जुळायला काय झालं? चिंचोके तांबडेच होते. आम्हीच त्यांचा रंग तांदळात पुसून टाकला होता.

नानाजी म्हणाले, "असू दे. सुनावणीत कोण ताटातले तांदूळ विचारणार आहे?"

"मी विचारेन," सर म्हणाले. "अन् मला सुचलं ते त्या साहेबाला नाही सुचणार? त्याच्या घरी लग्न झालं नसेल? हा आकडा पडला तर सगळंच पडलं. मग निरंकच जाईल. अन् त्या बाईला शिपाई मिळणार नाही, कधीच."

गिरिजाबाईचं नाव निघालं आणि मी यंत्र झाकून ठेवलं.

दोन्ही याद्या आता बंद झाल्या होत्या, तेव्हा दोन्ही टोकांना बोलू द्यायला हरकत नव्हती. कौसल्येला आणि तिच्या सोबतिणींना आम्ही गिरिजाबाईच्या अंगणात नेलं. आसपासच्या गावांतून शेवंतासारख्या फेरातल्या बाया बोलावल्या. गावातले काही पुरुष कौसल्येकडे बघून थुंकले. शेवंता त्यांना म्हणाली, "थुंकी संपली का तुमची? मंग आता जा, बाया बोलून राहिल्या."

नावं विचारायचीच नाहीत, असं ठरलं. ती फेरात कशी होती, आणि तिकडे कशी आहे, एवढंच.  मग एक जण म्हणाली, "आमची एक होती, गाण्यात नेहमी एक कडवं पुढं पळे."

"हाय ना!" कौसल्येची सोबतीण एकदम म्हणाली. "रेखा! ते दळताना बी तशीच, आमचं सरेपर्यंत तिचं दुसरं गाणं सुरू!"

पुढचा सगळा दिवस मला शब्दांत नीट पकडता येत नाही. डाव्या हातानं टिपरी खेळणारी, हसली की उचकी लागणारी, कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके असलेली. एकेक जुळत गेली. आणि एकेक जुळली की सरांच्या कागदावरचा एकूण आकडा खाली यायचा, कारण तांबडे वाढले की पोतं लहान होतं. नानाजी भिंतीला टेकून कण्हत होते. "अजून एक गेली! अरे, अजून एक गेली!"

कौसल्येला ते सहन झालं नाही. "नानाजी, गेली काहून म्हणता? सापडली म्हणा!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुळणं म्हणजे काय? एका टोकाला माय आहे, तिला पत्ता माहीत नाही. दुसऱ्या टोकाला पत्ता आहे, त्याला माय माहीत नाही. दोन्ही याद्यांत असलेली प्रत्येक मुलगी म्हणजे पत्ता आणि माय एकत्र! इकडे आकडा उतरत होता आणि तिकडे घरं सापडत होती. पत्रकं लिहिण्यात मी मोठ्या आकड्यासाठी जीव टाकत आले होते. त्या अंगणात मी तो लहान व्हावा म्हणून टाळ्या वाजवत होते.

गिरिजाबाई सगळ्यांना चहा देत फिरत होती. विचारायची हिंमत तिला होत नव्हती. शेवटी शेवंतानंच विचारलं, "डबा कानाशी धरून सांगणारी कोणी हाय का वं तिकडं?"

कौसल्येनं कप खाली ठेवला. "सरोज. मिठाचा डबा कानाशी धरते अन् सांगते, चार दिवसाचं मीठ हाय. सासू मारते तिले त्याच्यासाठी. म्हणते, जादू करते."

गिरिजाबाईनं चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि ती सरळ कौसल्येसमोर येऊन बसली.

सुनावणीला सरांनी आकडा नाही नेला, दोन आकडे नेले. खालचं टोक आणि वरचं टोक. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. ते आकडे मी इथे छापत नाही. छापले तर उद्या कुणीतरी वरचा उचलून पत्रकात टाकेल आणि परवा तो फुगेल. मला ती हवा ठाऊक आहे.

साहेब म्हणाले, "मला एक आकडा सांगा."

"एक सांगितला तर खोटा ठरेल," सर म्हणाले. "काही मुली दोन्ही टोकांना दिसल्या. काही एकाच टोकाला. अन् काही अशा आहेत की ज्या कोणत्याच टोकाला दिसल्या नाहीत, पण गणित सांगते की त्या आहेत. त्यांचा अंदाजच करता येतो."

"मग मी लिहू काय?"

मला राहवलं नाही. बोलायची पाळी नानाजींची होती, पण मी उभी राहिले. "साहेब, काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. काय लिहायचं नाही ते मी सांगते. हे आमचं खालचं टोक. वाटेल तेवढं ताणा, या दोन टोकांमध्ये तुमचं निरंक कुठेच बसत नाही."

साहेबांनी कागद पुढे ओढला. तांदळाचं त्यांनी विचारलंच, हो. नावं बदलतात ना, म्हणाले. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी नानाजींकडे, आणि नानाजी आयुष्यात पहिल्यांदाच खाली बघत होते.

मागच्या बाकावरून गिरिजाबाई म्हणाली, "खोडा ना जी."

त्यांनी खोडलं. आमच्यासमोर, आडवी रेघ मारून.

शिपाई मिळाला. सगळं गोड झालं असं समजू नका. काही पत्त्यांवर कुणीच सापडलं नाही, पुढे विकलेल्या. एकीनं दारातूनच परत पाठवलं; तीन लेकरं टाकून आता कोठी येऊ, म्हणाली. मध्यस्थ अजून मोकळा आहे. तो विषय निघाला की मी पुन्हा पहिल्या ओळीत आग लिहायला लागते. पण वच्छला आली. कडेवर पोर घेऊन आली.

पुढच्या भुलाबाईला मी मुद्दाम गेले. दिवेलागणीला गिरिजाबाईच्या अंगणात लहान पोरींचा फेर झाला, मग मोठ्या बायाही उतरल्या. वच्छला ओसरीवर बसून होती. फेर संपल्यावर शेवंता झाकलेला डबा घेऊन सरळ तिच्यासमोर उभी राहिली.

वच्छलानं डबा घेतला. कानाशी धरला, हलवला. पुन्हा हलवला.

"इसरली का वं?" शेवंतानं टोमणा मारला. "एवढी वरतं राहून आली अन् कान तिकडंच ठेवून आली?"

"खोबऱ्याच्या वड्या," वच्छला म्हणाली. "अन् त्या तू पाकात कच्च्या ठेवल्या."

बाया हसून लोटपोट. गिरिजाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. मी पण हसत होते, आणि तेवढ्यात वच्छला माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी पोरी शोधून राहिल्या म्हणे. ते नाल्यापल्याडच्या गावची हाय का तुमच्यात? माह्या सासरच्या मागच्या वस्तीत दिली. तिचं बोट तुटेल हाय, टिपरी दोन बोटांतच धरे म्हणे ते."

दोन्ही याद्या मला तोंडपाठ होत्या. माहेरच्या यादीत ती नव्हती. सासरच्या यादीत नव्हती. कोणत्याच टोकाला दिसली नव्हती. सरांनी पेन्सिलनं जिची जागा रिकामी ठेवली होती, जिच्यासाठी साहेब आम्हाला वेड्यात काढणार होते, ती होती. गणित म्हणालं होतं ती आहे, आणि ती होती!

"नाव काय तिचं?" माझा आवाज इतका चढला की अंगणातल्या सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या.

"तिकडचं सांगू का इकडचं?"

"दोन्ही," मी म्हणाले.

वच्छलानं डबा खाली ठेवला. "इकडचं तिनं मले एकडावच सांगतलं होतं," ती म्हणाली. "लिवा."